नानांनी काय घेतलं?

कंट्रोलर नानांना हळू बोलता येत नसे. पिंपळनेरचा हा अहिराणी बोलणारा माणूस नोकरीसाठी जळगावला आला आणि बसस्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत, भोंग्यासमोर बसून रिटायर झाला. भोंगा सुटला, आवाज तोच राहिला. जळगावातल्याच पिंप्राळ्यात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून एका शेअर दलालाचं ऑफिस आहे. तिथे नाना रोज सकाळी येत आणि खुर्चीत टेकायच्या आत आपली खरेदी गाडी लागल्यासारखी जाहीर करत. मधली भिंत असूनही मला शब्दन् शब्द ऐकू येई. मागच्या हिवाळ्यात नाना वारले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, पण नानांच्या शेअरबाजाराबद्दल चांगलं बोलणं मला जमणार नाही. त्या ऑफिसातल्या शहाण्यांबद्दल तर मुळीच नाही.

हल्ली शेअर घ्यायला कुठे जावं लागत नाही, हातातला मोबाइल पुरतो. तरी ही मंडळी जमतात. एक तर ऑफिसात मोठा कूलर आहे, आणि दुसरं म्हणजे एकट्याने बुडायला कुणालाच आवडत नाही.

नानांची अक्कल म्हणजे एकेक नमुना. एका मे महिन्यात त्यांच्या गल्लीत घरोघरी नवे कूलर आले, म्हणून नानांनी कूलर बनवणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले. जळगाव तापलं म्हणजे अख्खा देश तापला, हा त्यांचा अभ्यास! तिकडे बाकीच्या मुलखात पाऊस लवकर येऊन बसला होता. शेअर आपटला. नाना म्हणाले, "पडना ते काय व्हयनं? सस्ता व्हई गया ना!" आणि त्यांनी आणखी घेतले. ते आणखी पडले. निदान आता तरी विका, असं दलालाने सांगितलं तर त्याच्यावरच डाफरले, "इकं नही ना? मंग तोटा कसाना?" मला त्यांचा असा राग येई की दुकान सोडून जावं आणि त्यांच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा.

नानांनी घेतलं की पडतं, हा शोध त्या ऑफिसात रोज बसणाऱ्या पाटील सरांचा. हे सर विज्ञानाचे. आडव्या गेलेल्या मांजरावर आणि दारातल्या लिंबू-मिरचीवर पोरांना तासन् तास व्याख्यानं दिलेला माणूस. त्यांनी रिटायर झाल्यावर कंट्रोलर नानांचा नियम मांडला: नाना घेतील ते आपण विकायचं, नाना विकतील ते घ्यायचं. बांगड्यांचे व्यापारी मजीदभाई आधी हसले. दोनदा खरं निघाल्यावर हसायचे थांबले. खोटं निघालं ते मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मग नानांची बडदास्त सुरू झाली. कूलरसमोरची खुर्ची त्यांची, पहिला चहा त्यांचा. दारात पाऊल पडलं की सगळ्यांच्या माना वळत. "बोला नाना, आज काय घेतलं?" नाना इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागले. जाताना माझ्या काउंटरवर वाकून म्हणत, "आते बठ्ठा माले इचारतस." सगळे आपल्याला विचारतात, याचंच त्यांना अप्रूप. अक्का, म्हणजे त्यांची बायको, एकदा आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आल्या होत्या. म्हणाल्या, "रिटायर झाल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसायचे हो. आता चार लोक विचारतात, तर दोन घास गोड लागतात." हे ऐकल्यावर नानांना खरं काय ते सांगायची माझी छाती झाली नाही.

आणि एका सोमवारी नानांनी आवाज दिला, "बठ्ठं इकी टाकं!" कारण काय, तर घराची स्लॅब गळत होती आणि अक्कांनी अबोला धरला होता. बाजाराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण ऑफिसात दिवाळीच झाली. कधी न विकणाऱ्या नानांनी विकलं, म्हणजे बाजार आता आभाळाला लागणार! पाटील सरांनी मुदत ठेव मोडली. मजीदभाईंनी लग्नसराईच्या मालाचे पैसे घातले. आणि त्याच आठवड्यात बाजार असा कोसळला की दलालाने टीव्हीच बंद करून टाकला.

नाना नेहमीसारखे आले, तर सगळे त्यांच्यावर तुटून पडले. पाटील सर म्हणाले, "नाना, तुम्ही बरोबर निघालातच कसे?" मजीदभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "आज तक कभी सही नहीं निकले, नाना. हमारेच पैसे लगे तब निकलना था क्या?"

नाना एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज भिंतीपलीकडे आला नाही. ओरडणं ऐकून मी दारात जाऊन उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"मंग माले रोज कसाले इचारेत?"

पाटील सर मोबाइलमध्ये बघू लागले. नाना उठले आणि निघून गेले. त्या पडझडीत पिंप्राळ्यात ज्याचे पैसे वाचले असा हा एकटा माणूस, आणि तोच मान खाली घालून गेला. ऑफिसातल्या त्या टोळक्याची मला तेव्हा जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही.

पंधरवड्याने नाना माझ्या दुकानात आले. ऑफिसच्या दाराकडे न बघता, त्यांच्या मानाने अगदी हळू म्हणाले, "बठ्ठं परत लिधं. सरले सांगी ये."

"नाना, आणि स्लॅब?"

"उन्हायामा दखसूत."

स्लॅब उन्हाळ्यावर ढकललेली ऐकून माझा तोल गेला. "अहो, ते तुम्हाला कशासाठी विचारत होते ते कळलं ना तुम्हाला?"

"कळनं ना," नाना म्हणाले. "पन इचारेत ना?"

मी निरोप घेऊन शेजारी गेलो. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पाटील सरांनी मोबाइल काढला आणि उरलंसुरलं विकायला घेतलं. मजीदभाईंनी फक्त एवढंच विचारलं, "पक्का लिया ना उन्होंने?" नाना कसे आहेत, कुठे आहेत, याची चौकशी कुणीही केली नाही.

परत आलो तेव्हा नाना झेरॉक्स मशीनला धरून उभे होते.

"काय म्हनेत?"

"म्हणाले, नाना कुठे आहेत? आत्ताच्या आत्ता बोलवा त्यांना."

नानांनी शर्टाची कॉलर सारखी केली. मग गल्लीत उतरले आणि पार कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आज येळ नही म्हना. सकाय येसू!"