चिकूसाठी घातलेलं गाऱ्हाणं

पाखरू माणसाळवायचं असेल तर आधी घरातली माणसं गप्प करावी लागतात, हे मला एका व्हिडिओने शिकवलं. व्हिडिओतली बाई इतकं हळू बोलत होती, की तो मी मोबाईल कानाला लावून पाहिला. (म्हणजे पाहिला नाहीच.)

पाखरू म्हणजे कॉकाटील. करडं अंग, पिवळं डोकं, डोक्यावर तुरा आणि दोन्ही गालांवर शेंदराची बोटं उमटल्यासारखे ठिपके. कुडाळच्या ओळखीच्या एका घरी पिल्लं झाली होती. त्यातलं एक माझ्या मुलीने, मनालीने, हट्ट करून मिळवलं आणि त्याचं नाव चिकू ठेवलं. देताना त्या गृहस्थांनी बजावलं, "लहान आहे अजून. नव्या घरात खात नाहीसं वाटलं तर ताणू नका. लगेच कळवा, मी येऊन परत नेईन."

'परत' म्हटल्यावर मनालीचा चेहरा उतरला. मी छाती पुढे काढून म्हणालो, "तशी वेळच येणार नाही. मी जातीने बघतो!"

तोंडवलीला घरी आल्यावर माझ्या आयेने पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली.

"ह्यो पोपट पिवळो कित्याक रे? कावीळ झाली काय?"

"आये, तो पोपट नाय. आणि हळू बोल. घाबरता तो."

"माका बघून?" आये म्हणाली आणि रागाने आत गेली.

चिकू खरोखरच खाईना. वाटीत राळे घातले, मक्याचे कोवळे दाणे घातले, तो आपला कोपऱ्यात अंग फुगवून बसलेला. मनाली शाळेतून आल्या आल्या दप्तर पाठीवर ठेवूनच आधी वाटी बघायची आणि मग माझ्याकडे बघायची. ते बघणं मला सोसेना. हातावर घेतला तर त्याला वजन म्हणून नव्हतंच, नुसती धडधड होती. खरं सांगतो, मी हादरलो. ऑफिसात रजा टाकली आणि घरात शांतता जाहीर केली.

आता, आमच्या घरात शांतता म्हणजे काय, हे समजून घेतलं पाहिजे. आमच्याकडे 'चहा झालो' हे वाक्यसुद्धा समुद्रावरच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलतात. अशा घरात मी टीव्ही बंद केला, मिक्सर बंद केला, पापड बंद केले. (पापड मोडताना आवाज होतो.) दाढीचं मशीन घुरघुरतं म्हणून दाढीही बंद.

बायको कानाशी येऊन कुजबुजली, "अवो, आणि वाटपाचा खोबरा कसा वाटू? दातांनी?"

"पेज कर."

"पेजेबरोबर काय?"

"काय नको."

तिने माझ्याकडे जे बघितलं ते आवाज न करता बघितलं, त्यामुळे मला हरकत घेता आली नाही. आयेने मात्र सकाळीच कोयता उचलला. "माका मुक्यांच्या घरात रवाक जमाचा नाय," असं जाहीर करून ती मागच्या माडांत निघून गेली.

त्या सकाळी पिंजरा पडवीतल्या बाकावर होता. पिंजरा लांबट, त्यावर आडोशाला माझं पांढरं धोतर घातलेलं. ही पाखरं मिट्ट अंधारात बिचकतात म्हणे, आणि रात्री लाईट गेलेली, म्हणून शेजारी पणती ठेवली होती. ती विझवायची राहून गेली. त्यात मासे विकणारी जानकी दारात आली. ती रोज बेड्यापासूनच, म्हणजे कुंपणाच्या फाटकापासूनच, आरोळी ठोकते, "वैनीनूऽऽ, बांगडे हाडलंय!" तिने तोंड उघडायच्या आत मी धावत गेलो आणि दोन्ही हात जोडून मान हलवली.

जानकीने माझी वाढलेली दाढी पाहिली. घरातली शांतता ऐकली. मग माझ्या खांद्यावरून पडवीत पाहिलं.

"देवा रे!" एवढंच म्हणून ती बांगड्यांची पाटी घेऊन आल्या पावली परत गेली. आजवर भाव केल्याशिवाय ती कधी गेलेली नाही. मला वाटलं, किती समजूतदार बाई!

थोड्या वेळाने माणसं यायला लागली. बापू सगळ्यांच्या पुढे. बापू आमचे शेजारी, देवापुढे नारळ ठेवून घालायचं वाडीतलं कोणतंही गाऱ्हाणं त्यांच्याशिवाय होत नाही. खांद्यावर पंचा टाकून ते आले आणि खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, मांडी घालून बसले. मागून जानकीसकट दहा-पंधरा माणसं आली, तीही बसली. मी ओठांवर बोट ठेवण्याआधीच सगळे गप्प होते. चिकूसाठी अख्खी वाडी गप्प बसलेली पाहून मला भरून आलं, डोळ्यांत पाणी आलं. हे पाणी सगळ्यांनी पाहिलं.

बापूंनी मला जवळ घेतलं. "धीर धर. वय झालाच होता."

"वय खंय झाला, बापू?" मी कुजबुजलो. "पिल्लूच आसा अजून!"

बापूंनी मागच्या माणसांकडे वळून मान हलवली. "धक्को बसलोहा त्येका."

"तीन दिस धड काय्येक खाल्ला नाय ओ."

"शेवटाक असाच होता रे. माझ्या बापाशीचाही तसाच." मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "मुंबैक भावाक कळवलंस? तेची वाट बघूक होयी मा?"

पाखराचं कळवायला भावाला फोन कशाला करायचा, हे मला कळेना. तेवढ्यात परसातून खरखर आवाज आला. एक भलीमोठी झावळ ओढत आये खळ्यात आली. इतकी माणसं पाहून तिने झावळ खाली टाकली आणि कोयता हातात तसाच धरून विचारलं,

"कोण गेला?"

जानकीने हळूच डोक्यावरचा पदर पुढे ओढला. बापूंचं तोंड उघडं ते उघडंच.

मग जो काय कल्लोळ उठला! "मी जिती आसय आणि तुमी पंचे घेवन इलास?" आये. "जानकेन सांगला!" बापू. "आणि ता धोतर? ती पणती?" जानकी. "ह्येंका इचारा! पापडसुद्धा मोडूक देनत नाय!" ही माझी बायको, आणि तिने त्या दोन वाक्यांत सगळी साचलेली शांतता बाहेर काढली. मी दोन्ही हात पसरून पिंजऱ्यासमोर उभा राहिलो. "हळू! हळू! मरतलो तो!"

शेवटी खरा प्रकार समजल्यावर बापू उठले. त्यांनी पंचा झटकला. "जमलोच आसंव, तर मोकळ्या हातानी जावचा नाय. नारळ हाडा. पाखराचा गाऱ्हाणा घालूया."

"बापू, मनातल्या मनात घाला!"

"मनातला गाऱ्हाणा देवाक ऐकाक येता?"

नारळ आला. बापूंनी टोपी सारखी केली आणि छातीतून आवाज काढला, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पंधरा माणसं, आमची पडवी आणि पडवीवरची कौलं.

"आज ह्या लेकरान एक पाखरू घराक हाडल्यानहा, ता तुझ्या पायाशी घातलेला आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येका दोन दाणे खावची बुद्धी दी! आणि ह्या लेकराकय थोडी दी!"

"व्हय म्हाराजा!!" यात आयेचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मी डोळे मिटून घेतले. आता धोतर काढायचं आणि मनाली आली की तिला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. खरंच रडू फुटायच्या बेतात होतो. तेव्हा धोतराआडून आवाज आला. कुट. कुट कुट. बायकोने धोतर उचललं. चिकू वाटीत जवळजवळ पाय देऊन उभा होता आणि राळे फोडत होता. मध्येच मान वर करून त्याने बापूंकडे पाहून एक शीळ घातली. लोक हसले, तर तो आणखी जोरात खायला लागला.

मी कुडाळला फोन लावला. पलीकडून मिक्सर, टीव्ही, दोन कुत्रे आणि वीसेक पाखरं यांतून त्या गृहस्थांचा आवाज आला. "शांतता? पहिला दिवस नव्या घराला बुजला असेल, पण पुढे शांतता कशाला ठेवलीत? याचा जन्मच गोंगाटातला. आणि थव्यातलं पाखरू हे! सगळी एकदम गप्प झाली की त्याला वाटतं, वर घार आली. मग कसलं खातंय!"

म्हणजे माझ्या घरात ते बिचारं एवढा वेळ घारीच्या भीतीने उपाशी बसलं होतं आणि ती घार सबंध घरात चवड्यांवर चालत होती.

मनाली आली, वाटी रिकामी बघितली आणि माझ्याऐवजी आजीच्या गळ्यात पडली. ते योग्यच होतं.

त्या दिवसापासून चिकूची वाटी भरली की बायको मला बोलायला सुरुवात करते. आवाज चढला की तो दाणे फोडतो. हळूहळू त्याला बाळसं आलं. आता तो मनालीच्या खांद्यावर बसून पेज खातो आणि आयेच्या कानातल्या कुड्या टोचतो. परवा मी धीर करून बायकोला म्हटलं, "आता तो रुळलो. तुझा ह्या बोलना बंद केलंस तरी चलात."

"तो रुळलो ओ," ती चिकूला दाणे घालत म्हणाली. "तुमचा बाकी आसा."