घरमालकांची मूठ

पाणी नेमकं किती हवं, हे पुरतं कळलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि ते म्हणजे माझे घरमालक. नव्वदच्या दशकात पंचवटीत मी त्यांच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोक भजनाच्या नाहीतर सुनेच्या मागे लागतात, हे अळिंबीच्या, म्हणजे मशरूमच्या, मागे लागले. जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी गव्हाचं भिजवलेलं काड भरून प्लास्टिक पिशव्या टांगल्या, त्यांत बियाणं पेरलं, आणि महिन्याभरात पिशव्यांच्या भोकांतून शिंपल्यांसारखी पांढरीशुभ्र अळिंबी फुटली. मी तोंडात बोट घालून पाहतच राहिलो. घरमालकीणबाई मात्र तिला कुत्र्याच्या छत्र्या म्हणायच्या आणि तिच्यासाठी वेगळी कढई ठेवायच्या.

काड निवडताना ते स्थळ पाहायला आलेल्या आत्याबाईंपेक्षाही चिकित्सक होत. गव्हाचं काड नव्या हंगामाचं हवं, पिवळंधमक हवं, पावसात भिजलेलं नको. पोतं फोडलं की आधी ते त्यात नाक खुपसत, मग एक काडी कानाशी नेऊन मोडत, आणि शेवटी ती चक्क चावून पाहत. विंचूरहून कोणी आणून दिलेलं पोतं त्यांनी ‘याला कांद्याचा वास मारतोय’ म्हणून आल्या पावली परत पाठवलं होतं. काड रात्रभर पिंपात भिजायचं, सकाळी बंबातल्या कढत पाण्यात बुडायचं आणि मग खाटेवर निथळत पडायचं. त्यानंतर यायची मूठ. मूठभर काड घेऊन, डोळे मिटून ते आवळत. बोटांच्या फटीत एक थेंब यायला हवा आणि तिथेच थांबायला हवा. थेंब पडला तर काड सडणार, आलाच नाही तर बियाणं उपाशी मरणार. त्यांचा थेंब कधी पडला नाही. ही मूठ पुढे घरभर फिरू लागली. भिजवलेले पोहे, साबुदाणा, काकडीची कोशिंबीर, सगळ्यांना तिच्यातून जावं लागे. एकदा दोरीवरची माझी पँट आवळून ते म्हणाले, “हिला अजून तासभर राहू द्या,” आणि तासाभराने ती खरोखर खडखडीत वाळलेली निघाली.

त्यांची एकुलती एक मुलगी निफाडला दिलेली. व्याही मोठे द्राक्षबागायतदार, मनाचे दिलदार आणि तोंडाचे मोकळे. लग्नाच्याच पंगतीत अळिंबीचा विषय निघाला तेव्हा ते सर्वांदेखत म्हणाले होते, “उकिरड्यावरची छत्री आमच्याकडं ढोरं बी खात नाय!” घरमालक तेव्हा हसले, पण ते त्यांना लागलं होतं. मुलीचं डोहाळजेवण ठरलं तेव्हा त्यांनी पणच केला, की व्याह्यांच्या पानात आपल्या हातची अळिंबी वाढायची. व्याह्यांना कळल्यावर त्यांनी मागचं सगळं विसरून स्वतःच्या शेतातलं गव्हाचं काड ट्रॉली भरून पाठवलं. काय काड होतं ते! घरमालकांनी काडी चावली आणि समाधानाने मान डोलावली.

पिशव्या टांगल्या. एरवी आठवड्याभरात काडावर पांढरं जाळं धरायचं. या वेळी काड पिवळंच्या पिवळं राहिलं. घरमालक तासन्‌तास त्या खोलीत बसून राहत. त्यांना जेवण जाईना. डोहाळजेवणाचा दिवस उजाडला तरी एका पिशवीला साधा कोंबसुद्धा नव्हता.

पाहुणे आले. व्याही थेट जिन्याखालच्या खोलीत शिरले. आत ते, घरमालक आणि मी, तिघंच होतो. अळिंबी न फुटलेल्या पिशव्या पाहून व्याही हळहळले. “पाव्हणं, काडात तर खोट नव्हती ना? मी सोता उभा राहून फवारून घेतलं हाय. बागेवर मारतो तेच औषध, चांगलं डबल. म्हणलं, बुरशी नको लागायला!”

मी घरमालकांकडे पाहिलं. अळिंबी म्हणजे बुरशीच की हो! मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझा दंड धरला. अगदी मूठ आवळतात तसा.

“काड एक नंबर होतं, व्याहीबुवा. माझ्याच हातून पाणी जास्त झालं.”

हेच त्यांनी बाहेर येऊन भरल्या पंगतीत सांगितलं. लोक खो खो हसले. हिरव्या साडीतल्या मुलीने तेवढं एकदा वडिलांकडे रोखून पाहिलं. संध्याकाळी मी चिडून विचारलं, तर म्हणाले, “अहो, लेक त्या घरात नांदतेय. आणि त्या माणसानं किती मायेनं फवारलं होतं!”

त्यानंतर दरवर्षी निफाडहून फवारलेलं काड येत राहिलं. घरमालक ते आनंदाने उतरवून घेत, मागच्या अंगणात रिचवत, आणि स्वतः जीपमध्ये दाटीवाटीने बसून सुरगाण्याहून भाताचा पेंढा आणत. पुढच्याच वर्षी व्याह्यांनी अळिंबी खाल्ली, दोनदा मागून घेतली आणि “हा आमच्या काडाचा गुण!” म्हणून मिशीवर ताव दिला. घरमालकांनी त्यालाही मान डोलावली. इतकं मोठं मन मी नंतर कुठे पाहिलं नाही.

घरमालक गेले तेव्हा मी माझ्या स्वतःच्या घरात राहायला गेलो होतो. तेराव्याला गेलो. जिन्याखालच्या खोलीत रिकाम्या दोऱ्या लोंबत होत्या आणि व्याही दारात बसून उपरण्याने डोळे पुसत होते. मला पाहून म्हणाले, “लय मोठा कलाकार गेला, साहेब. सगळ्या जन्मात एकदाच चुकला. पाणी जास्त झालं होतं त्यांच्या हातून.”

शेजारी उभ्या असलेल्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “हो. एकदाच.”