न फुटलेला कोहळा

भूत, बाधा, नजर... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. नव्हता म्हणू? जाऊ दे, तुम्हीच ठरवा. मी मूळचा नागपूरचा, नोकरी बंगळुरात, बेळ्ळंदूरला. छोट्या दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. म्हणजे सिक्युरिटी अपडेट आलं की ते लांबून टाकायचं, आणि त्या अपडेटनेच काही बिघडलं की शिव्या खात निस्तरायचं. राजाजीनगरचं एक डायलिसिस सेंटर आमचं क्लायंट आहे. माझ्या बाबांचं डायलिसिसही तिथेच होतं.

गोष्ट मागच्या दसऱ्याची. आदल्या दिवशी इथे आयुधपूजा असते. आपली खंडेनवमीच, पण इथे कॉम्प्युटरलाही कुंकू आणि झेंडूचा हार! पूजा झाली की मशीन बंद ठेवायचं आणि कोहळ्यात कुंकू भरून तो दारात फोडायचा. मी म्हटलं, बरंच झालं, कुणाचं काम अडणार नाही. दुपारी ती बंद मशीनं ऑफिसातूनच चालू केली आणि अपडेट सोडलं.

दसऱ्याला सकाळीच सेंटरच्या सिस्टरांचा फोन. सुनंदा अक्का. घरात मराठी, पण पिढ्या इथेच गेलेल्या. "सर, पाण्याच्या प्लांटचा कॉम्प्युटर नुसता बंद-चालू, बंद-चालू होतोय. शुद्ध पाणी नाही तर डायलिसिस कसं लावू?"

सुट्टीमुळे बाबांची पाळी आधीच हुकली होती. पाय सुजलेले, बोलतानाही धाप. त्यांना रिक्षात घालून मीच निघालो.

सेंटरच्या दारात कोहळा तसाच पडलेला. अक्का म्हणाल्या, "काल फोडणार एवढ्यात आतली सगळी मशीनं आपोआप चालू झाली. अय्यो, सगळे आत पळाले! मग कुणी हात लावायला धजेना." ते भूत म्हणजे मीच... मला हसूच आलं. कोहळा ओलांडून आत गेलो.

बाबांना काचेपलीकडच्या खुर्चीत बसवलं आणि कॉम्प्युटरसमोर बसलो. स्क्रीनवर पूजेचं कुंकवाचं बोट होतं, ते पुसलं. सेफ मोडमध्ये जाऊन अपडेट काढलं, रीस्टार्ट केलं — परत तेच. नेटवर्कची केबल उपटली, पुन्हा अपडेट काढलं, रीस्टार्ट... अपडेट पुन्हा हजर! अरे, आलं कुठून? केबल माझ्या मांडीवर होती. आणि स्क्रीनवर पुन्हा कुंकवाचं बोट. ओलं.

"अक्का, तुम्ही लावलं?"

त्या दाराशी उभ्या होत्या. "मी कशाला लावू सर? स्वल्प थांबा... मघाशी तुम्ही पुसलं ना ते?"

मी पुन्हा पुसलं. स्क्रीन काळी झाली, उजळली — बोट तिथेच. आता मात्र माझी तंतरली.

तेवढ्यात बाबांनी हाक मारली. बाहेर येऊन बघतो तर त्यांचे ओठ निळे पडत चाललेले, आणि कपाळावर कुंकू.

"बाबा, हे कोणी लावलं?"

"तुझ्याजवळ बसला होता ना, त्यानं." बाबा श्वास घेत घेत बोलत होते. "अरे बाप्पा, इतका वेळ तुझ्या खांद्यावर हात ठेवून होता. तुले माहीत नाही?"

माझ्या शेजारी खुर्चीच नव्हती.

आमच्या गावाकडे कापण्याआधी बोकडाच्या कपाळाला कुंकू लावतात. कोहळा त्याच्याच बदल्यात असतो, हे लहानपणी ऐकलेलं मला नेमकं तेव्हा आठवलं. मी धावलो. कोहळा दोन्ही हातांनी उचलला आणि उंबऱ्यावर आपटला. घ्या, हा घ्या, माझ्या बापाला सोडा — असं मी मोठ्याने ओरडलो म्हणे. मला आठवत नाही.

आतून अक्कांची हाक आली, "सर, चालू झालं! राहिलं चालू!"

बाबा वाचले. ऑफिसात सगळे म्हणाले, अपडेटच सदोष होतं, मशीनमध्येच उरलेल्या कॉपीवरून परत बसत असेल. असेल ना. क्लायंटला मीही तेच लिहून दिलं. पण बाबांच्या कपाळावरचं कुंकू मी माझ्या अंगठ्याने पुसलंय, आणि ते ओलं होतं. त्याचं काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

अपडेट येतच असतात, सोडावीच लागतात. सोडलं की आधी घरी फोन लावतो. "बाबा, जरा आरशात बघा."

ते हसतात. "काही नाही रे कपाळावर."

तेवढं ऐकेपर्यंत मी मागे वळून बघत नाही.