बरोसातली मटारोची वेल

ॲडलेड मागे टाकून तासभर झाला आणि वाळक्या गवताच्या टेकड्यांमधून द्राक्षबागा दिसू लागल्या. बाबा सीटवर पुढे सरकून बसले. नाशिकजवळ आमची द्राक्षबाग आहे. मी राहते मेलबर्नच्या क्रेगीबर्नमध्ये. बाबा आले होते, म्हणून त्यांना बरोसा खोऱ्यातल्या जुन्या वेली दाखवायला निघाले होते.

वायनरी छोटीशी, घरगुती. मी गाडी लावेपर्यंत बाबा तारेखालून बागेत शिरलेसुद्धा. मांडीएवढ्या जाड खोडावर हात ठेवून म्हणाले, "पल्लवी, हिला कलमाचा खुंट नाही गं. स्वतःच्या मुळावर उभी आहे."

तेवढ्यात मला पाटी दिसली. आत पाऊल ठेवू नका, फिलॉक्सेराचा (वेलीची मुळं खाणारी बारीक कीड) धोका आहे. ही कीड आमच्या व्हिक्टोरिया राज्यात आहे, इथे अजून पोचलेली नाही. आणि गेल्याच रविवारी आम्ही मेलबर्नजवळच्या यारा व्हॅलीतल्या बागेत हिंडलो होतो. बाबांच्या पायांत तेच बूट होते.

बाबांना बाहेर बोलावून सगळं सांगितलं. कोणी पाहिलेलं नाही, गप्प राहू, असंही मी म्हणाले.

बाबांनी बुटांच्या तळाची माती पाहिली. "सांग मालकिणीला. बाग तिची आहे."

मालकीणबाई मार्गरेट यांचा चेहरा उतरला, पण त्या रागावल्या नाहीत. बाबांचे बूट क्लोरीनच्या पाण्यात बुडवले, ते कुठे उभे होते ते विचारून घेतलं. मग व्हरांड्यात बसवून त्याच वेलींची वाइन दिली. गडद, जांभळासारखी तुरट. या जातीला इथे मटारो म्हणतात. त्यांच्या पूर्वजांनी दक्षिण फ्रान्सहून आलेल्या काड्या लावल्या होत्या. तिकडच्या जुन्या बागा पुढे याच किडीने खाल्ल्या, असं त्या म्हणाल्या. बाबा मोज्यांवर बसून होते. ग्लास त्यांनी ओठाला लावलाच नाही.

मी मार्गरेटना विचारलं, आता?

"कीड आली असेल तर दोन-तीन वर्षांनी पानं पिवळी पडतील. तोवर बघत राहायचं."



आता बाबा नाशिकला आहेत. फोनवर माझी चौकशी नंतर, आधी त्या वेलीची. मार्गरेट अधूनमधून फोटो पाठवतात. हिरवीगार आहे, असं मी सांगते.

"आत्ता हिरवीच दिसणार," बाबा म्हणतात.