सासऱ्यांची बंदूक

"आल्झो, आधी फुकटातलं करून बघू," असं अर्धं जर्मन, अर्धं मराठी म्हणून काका दोन्ही हात पाठीमागे बांधत आणि बिघडलेल्या वस्तूकडे मान वाकडी करून बघत राहत. वस्तू कुठलीही असो. माझं वॉशिंग मशीन, जिन्यातला दिवा, माझी धरलेली पाठ. माझ्या बायकोची नोकरी गेली तेव्हाही ते दारात येऊन हेच म्हणाले आणि मग तासभर बसून त्यांनी तिचा अर्ज जर्मनमध्ये नीट लिहून दिला. नवीन आणणं, माणूस बोलावणं हे त्यांच्या लेखी फार पुढचं. आधी स्क्रू आवळायचा, पुसायचं, तेल घालायचं आणि थोडी वाट बघायची.

कार्ल्सरूहेत ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. मूळचे सांगलीचे. शिकायला म्हणून आले आणि पंचेचाळीस वर्षं राहिले. एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग मोजून पास-नापास करायचं काम त्यांनी जन्मभर केलं. मीही दुसऱ्या कारखान्यात तेच करतो, त्यामुळे आमचं जमलं. मी राहायला आलो त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. हे झाडू घेऊन खाली आले, तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आईनं कधी झाडायला लावलं नाही ना? इथे केअरवोखे असते, झाडायचा आठवडा. इथे सगळे लावतात." जर्मनीत माझ्याशी कुणी बोललेलं ते पहिलं मराठी वाक्य.

काकू जर्मन. सांगलीला सासूबाईंकडे महिनाभर राहून आल्या तेव्हा नवऱ्याला "अहो" म्हणायचं शिकून आल्या, ते कायमचं. अस्खलित जर्मनमध्ये त्यांच्यावर ओरडताना मध्येच "आहो!" असा लांबलचक हेल येई आणि आम्हाला खालच्या मजल्यावर हसू आवरत नसे.

आणि काका शिकारी होते. हे ऐकून तुमच्या भुवया वर गेल्या असतील, माझ्याही गेल्या होत्या. घरात कांदासुद्धा चार महिने न खाणाऱ्या माणसांत वाढलेला हा गृहस्थ हिरवी टोपी घालून रानात जाई. आईला त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पत्रात लिहीत, "सासरे मला रानात फिरायला नेतात." तेही खोटं नव्हतं.

हे सासरे चार वर्षं त्यांच्याशी हवापाण्याखेरीज काही बोलले नव्हते. एका संध्याकाळी अचानक म्हणाले, चल. रानाच्या कडेला शिडी लावून बांधलेलं एक मचाण होतं, त्यावर दोघे तीन तास बसले. कुणी खोकलं नाही, कुणी हललं नाही, हरीणही आलं नाही. घरी आल्यावर सासरे आपल्या मुलीला म्हणाले, "याला बसता येतं." काका ही गोष्ट सांगताना दर वेळी इथे थांबत. पासपोर्ट नंतर मिळाला म्हणायचे, पण या देशात मला त्या संध्याकाळी घेतलं. पुढे त्यांनी शिकारीच्या परवान्याची अवघड परीक्षा दिली. सासरे गेले तेव्हा त्यांची रायफल दोन्ही मुलांना न देता जावयाला देऊन गेले. "माझी नाही रे ती," काका म्हणत, "मला सांभाळायला दिलीये."

ती पोलादी कपाटात असे. कपाटाचा आकडा लावताना ते मला पाठ करून उभं राहायला लावत, कारण आकडा दुसऱ्या कुणाला कळता कामा नये हा इथला कायदा. काकूंनाही माहीत नव्हता. बंदूक जुनी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता हातांनी काळपट झालेला, वरची दुर्बीणही तिच्याच वयाची.

तीन वर्षांपूर्वीच्या शरदात काका शिकारीहून दुपारपर्यंत परतले नाहीत. आले ते तसेच चिखलाच्या बुटांनी जिन्यात बसून राहिले. आदल्या संध्याकाळी त्यांनी एका रेबॉकवर, म्हणजे आपल्या भेकराएवढ्या नर हरणावर, गोळी झाडली होती. ती वीतभर मागे लागली. हरीण पडलं नाही, पोटात गोळी घेऊन पळालं. अंधार पडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माग काढणाऱ्या कुत्र्याला ते झुडपात सापडलं. जिवंत होतं.

"रात्रभर होतं ते तसंच," काका म्हणाले. "एका गोळीत गेलं पाहिजे. नाहीतर झाडायचीच नाही. तेवढंच शिकवलं होतं सासऱ्यांनी मला." मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. त्या आठवड्यात जिना त्यांच्या पाळीचा होता. तो चिखल मी पुसला.

त्यानंतर त्यांनी ठरवलं की शंभर मीटरवर तीन गोळ्या एकमेकींजवळ बसेपर्यंत रानात बंदूक न्यायची नाही. बंदूक दुरुस्त करणाऱ्याने नळी बघून सांगितलं, नवी नळी बसवायला बंदुकीच्या किमतीहून जास्त पडेल, त्यापेक्षा ही भिंतीवर लावा. काका घरी आले ते लालबुंद होऊन. "भिंतीवर लावा म्हणे! माणूस म्हातारा झाला की भिंतीवर लावतात का?" मग हात पाठीमागे बांधून त्यांनी टेबलावरच्या बंदुकीकडे मान वाकडी करून बघितलं, आणि पुढे काय म्हणाले ते तुम्हाला माहीत आहे.

पहिला दिवस स्क्रूंचा. "तू बघ, तुझे डोळे तरुण आहेत," असं म्हणून त्यांनी पाना माझ्याकडे दिला. दुर्बीण बंदुकीला धरून ठेवणारा पुढचा स्क्रू पाव फेरा ढिला निघाला. मला वाटलं, झालं, सापडलं! आम्ही शहराबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर गेलो. छिद्रांचा पसारा आधी पंजाएवढा होता, तो दोन बोटांनी कमी झाला. दोनच बोटांनी. काका निराश झाले नाहीत. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," म्हणाले. "दोन बदलल्या की कुणामुळे काय झालं ते कळत नाही."

ही आम्हा मोजणाऱ्यांची जुनी शिस्त. पुढच्या खेपेला फक्त नळी साफ केली. औषध लावलेली चिंधी आत सरकवली की निळी होऊन बाहेर येई. आत वर्षानुवर्षं बसलेलं तांबं ते. चिंधी पांढरी निघेपर्यंत आम्ही तीन संध्याकाळी बसलो. त्याच्या पुढच्या खेपेला नळी आणि लाकूड यांच्या फटीतून कागदाचा कपटा सरकवून पाहिला. तो मध्येच अडकला. ओल्या हवेत लाकूड फुगून नळीला टेकत होतं. झाडूच्या दांड्याला पॉलिशपेपर गुंडाळून मी तेवढाच भाग घासला. मग काडतुसांच्या तीन वेगवेगळ्या पेट्या आणून कोणती बंदुकीला मानवते ते पाहिलं.

मैदानावर बंदूक टेकवायला वाळूच्या उशा लागतात. त्या विकत आणायचा प्रश्नच नव्हता. काकूंनी काकांच्या जुन्या कॉर्डरॉय पँटचे पाय कापून शिवल्या आणि आत भरायला मी आमच्याकडचा पोरकिडे लागलेला तांदूळ दिला. मैदानावरचे जर्मन शिकारी त्या उशांना हात लावून बघत. "बासमती," काका गंभीर चेहऱ्याने सांगत, "गेनाऊ, अगदी बरोबर, फक्त बासमतीच चालतो." त्यातल्या एकाने तो खरोखर आणला असावा अशी मला शंका आहे.

असे पाच शनिवार गेले. काका झाडत, मी मोजत. दर खेपेला पसारा थोडा कमी होई आणि पुन्हा वाढे. कधी दोन गोळ्या शेजारी, तिसरी भलतीकडेच. मी घरी बसून तक्ते करत असे. कोणत्या दिवशी वारा किती, हवा गार किती. सांगायला लाज वाटते, पण मला त्या कोड्याची मजा वाटू लागली होती.

आता मागे वळून बघतो तेव्हा सगळं दिसतं. काका चहा तेव्हा मोठ्या मगात घेऊ लागले होते, आणि तोही अर्धाच. स्क्रू मी आवळले, चिंधी मी ओढली, लाकूड मी घासलं. हात पाठीमागे बांधायची सवय मी वर्षानुवर्षं त्यांची लकब समजत होतो आणि बायकोला नक्कल करून दाखवत होतो. शंभरांश मिलिमीटर मोजून पगार घेणारा माणूस मी, समोरच्या माणसाच्या उजव्या हाताकडे एकदाही बघितलं नाही.

पाचव्या शनिवारी पुन्हा तिसरी गोळी भलतीकडे गेली. मी तक्त्यावर बोट ठेवून जोरात म्हणालो, "काका! सगळं बदलून झालं. एकच गोष्ट आपण बदललेली नाही!"

अगदी उत्साहात म्हणालो मी. शाळेत उत्तर आल्यावर हात वर करावा तसं. तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं मी काय म्हणालो ते.

काकांनी बंदूक उघडून टेबलावर ठेवली. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, खूप वेळ पुसला. मी म्हणालो, "म्हणजे तसं नव्हे, उशांमधला तांदूळ…" त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मैदानावर देखरेख करणाऱ्या बाई पलीकडेच उभ्या होत्या. एरवी बेकरीत काम करायच्या, साठीच्या असतील. काकांनी त्यांना विचारलं, "जरा तीन गोळ्या झाडाल का?"

त्या बसल्या, उशी जरा सरकवली आणि सावकाश तीन गोळ्या झाडल्या. मग काका दुर्बिणीला डोळा लावून बघत राहिले. मी नंतर बघितलं. तिन्ही छिद्रं दोन युरोच्या नाण्याखाली झाकली गेली असती.

बाई खुशीत म्हणाल्या, "अशी बंदूक माझ्याकडे असती तर!"

"हो," काका म्हणाले, "फार चांगली आहे." मग मराठीत मला म्हणाले, "बघ. भिंतीवर लावा म्हणे." हसायचा प्रयत्न केला त्यांनी. गाडीपाशी आल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. आपली गाडी त्यांनी आजवर कुणाला चालवायला दिली नव्हती. सबंध रस्ताभर ते खिडकीबाहेर बघत होते आणि मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटत होती.

पुढे डॉक्टरांनी त्या कंपाला नाव दिलं, गोळ्या दिल्या. काकांनी परवाना स्वतः कचेरीत नेऊन परत केला. बंदूक मेव्हण्याच्या मुलीला दिली, तिने नुकताच शिकारीचा परवाना काढला होता. देताना कोणतं काडतूस मानवतं, स्क्रू किती आवळायचा, सगळं तिला समजावून सांगितलं. ती गेल्यावर म्हणाले, "सासऱ्यांची वस्तू घरातच राहिली." एवढंच. दुसऱ्या दिवशी ते माझा गळणारा नळ बघायला आले. जणू काही झालंच नव्हतं. पण त्यानंतर ते रानात गेले नाहीत. मचाणावर बसायला बंदूक लागत नाही, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "शिडी," म्हणाले, आणि विषय बदलला.

मागच्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात मी दुपारी जाऊन बसायचो. ते बहुतेक वेळ झोपलेले असत. हात चादरीवर असायचे, आता लपवायचं त्राण नव्हतं. एका दुपारी काकू कॉफी आणायला खाली गेल्या होत्या. काकांनी डोळे उघडले आणि एकदम विचारलं, "त्या बॉकच्या वेळी… स्क्रू ढिला होता ना रे?"

दोन वर्षांत त्या हरणाचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. मला वाटत होतं, विसरले. ते मनाने रोज त्याच झुडपापाशी जात होते.

"हो काका," मी म्हणालो. "चांगला ढिला होता. गोळी त्यामुळेच मागे लागली. तुमचा हात तेव्हा ठीक होता."

स्क्रू पाव फेरा ढिला होता. तो आवळल्यावर फरक पडला होता दोन बोटांचा, आणि गोळी लागली होती वीतभर मागे. हे मला माहीत होतं आणि मापं जन्मभर लक्षात ठेवणाऱ्या त्या माणसालाही माहीत होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता आकडा विचारतील.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. माझ्या मनगटावर दोनदा थोपटलं आणि डोळे मिटले. चौथ्या दिवशी ते गेले.