बिडकीनचं कुत्रं

आमच्या चिकलठाण्याच्या सोसायटीत टँकर आला, की पहिली बादली तिसऱ्या मजल्यावरच्या हस्की कुत्र्याच्या कूलरमध्ये जाते. हस्कीचे मालक बिडकीनकडचे. जमीन कारखान्यांसाठी गेली, पैसा आला, फ्लॅट झाला आणि मग हे बर्फातलं जनावर आलं. सेक्रेटरी म्हणून मी तक्रार केली, की एकच उत्तर येतं, "साहेब, लई गरम होतंय हो त्याला." सगळ्या जगाशी असं बोलणारा हा माणूस कुत्र्याशी मात्र इंग्रजीतच बोलतो. मी अगदी वैतागून गेलोय.

परवा त्यांनी शेतावरचं म्हातारं कुत्रं आणलं. शेत गेलं तरी ते बांधावरच बसून राहायचं म्हणे. आमच्याकडे जातिवंत कुत्रं चालतं, गावठी नाही. हा नियम मीच लिहिलाय, आणि तो लिहिताना मला काहीच वाटलं नव्हतं. वॉचमननं त्यांना गेटवर अडवलं. मी पोचलो तेव्हा कुत्र्याच्या गळ्यात हस्कीचा पट्टा होता आणि मालक मला ऐकू येईल असं त्याला म्हणत होते, "कम! सिट!" कुत्रं ढिम्म हललं नाही.

"जात कोणती?" मी विचारलं.

"बिडकीन."

मी नियम सांगितला. ते कुत्र्याशेजारी उन्हातच बसले.

तेवढ्यात टँकरसाठी गेट उघडावं लागलं. त्यांनी वाकून कुत्र्याच्या कानाशी म्हटलं, "चल की रं म्हाताऱ्या." ते उठलं आणि टँकरमागून आत चाललं. वॉचमन माझ्याकडे बघायला लागला. मी टँकरवाल्यावर ओरडलो, "अरे, पाणी सांडतंय, लक्ष कुठंय तुझं?"

एक थेंबही सांडत नव्हता.