नसलेल्या फुटपाथची दुरुस्ती

नाशकात द्वारका चौकाकडून येणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, पिंपळाखाली, चतुराबाईंचं फुलांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री आणि खाली दोन गोणपाटं. एका गोणपाटावर चतुराबाई बसत. दुसरं रिकामं असे. कोणी गिऱ्हाईक दमून त्यावर टेकायला लागलं, की चतुराबाई अशा काही बघत की बिचारं उभ्यानेच हार घेऊन निघून जाई.

ते गोणपाट नवसाबाईंचं, म्हणजे त्यांच्या थोरल्या जावेचं. दोघींनी तीस वर्षं शेजारी बसून हार ओवले आणि तीस वर्षं न चुकता भांडण केलं. हाराची शेवटची गाठ मारायची ती नवसाबाईंनीच. धाकटीची गाठ सैल असते, असं त्यांचं मत होतं आणि ते त्या गिऱ्हाइकादेखत ऐकवत.

पंच्याण्णव साली रस्ता रुंद झाला आणि कडेचा जुना फुटपाथ डांबराखाली गेला. आता एका बाजूला ट्रक आणि दुसऱ्या बाजूला उघडी गटार, मधल्या दोन वितींत चालायचं ते माणसांनी. त्याच पावसाळ्यात एका टेम्पोचा धक्का लागून नवसाबाई पडल्या. खुब्यात सळई बसली, हातात वॉकर आला. दत्तमंदिराजवळच्या घरापासून दुकान जेमतेम तीनशे पावलांवर, पण वॉकरचे चार पाय ठेवायला तेवढी जागा कुठे होती? डॉक्टर म्हणाले होते, रोज चाला, नाहीतर पाय धरेल. नवसाबाई खिडकीत बसून राहिल्या आणि पाय धरायला लागला. इकडे चतुराबाईंना दिवसभर कोणी बोलणारं उरलं नाही. शिव्यांवाचून इतकं सुनं वाटेल, हे त्यांना आधी कोणी सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या.

त्यांनी फुटपाथसाठी महापालिकेच्या कचेरीत तीन अर्ज दिले. तिन्ही विचाराधीन राहिले. कचेरीतला विचार मोठा दमाचा असतो.

मग निवडणुका जवळ आल्या. तिथले नगरसेवक झुंबरभाऊ. एरवी ते दिसत नसत, पण आता आचारसंहिता लागायच्या आत त्यांना दिसेल ते उरकायचं होतं. दिवसाला सहा-सात उद्घाटनं. हार सगळे चतुराबाईंकडून. भाऊंचा माणूस सकाळी ठिकाणं आणि वेळा सांगून जाई, चतुराबाई त्या वहीच्या कागदावर उतरवत, आणि तोच कागद हारांच्या पाटीबरोबर भाऊंच्या ड्रायव्हरच्या हाती पडे. कार्यक्रमाचा दुसरा कागद कोणाकडेच नसे. हार जिथे, भाऊ तिथे.

चौथी शिकलेल्या चतुराबाईंनी एका सकाळी सात ठिकाणांखाली आठवं लिहिलं: पिंपळ ते दत्तमंदिर, पादचारी मार्ग, लोकार्पण, सव्वाबारा.

सव्वाबाराला भाऊ आले. चतुराबाईंनी झेंडूची माळ आडवी बांधून ठेवली होती. भाऊंनी ती कात्रीने कापली, नारळ फोडला, हा मार्ग जनतेच्या पायाशी ठेवतो म्हणून सांगितलं आणि फोटो काढून घेतला. उद्घाटनात खाली कोणी बघत नाही, सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. भाऊंचे बूट फुटपाथच्या जागी पडलेल्या वाळूच्या ढिगात होते. ते झटकून भाऊ नवव्या कार्यक्रमाला गेले, तो त्यांनी ऐन वेळी स्वतःच वाढवला होता.

चतुराबाईंचा हिशोब सरळ होता. पेपरात छापून आलं की भाऊंना लाज वाटेल आणि फुटपाथ होईल. पेपरात आलं. पण कचेरीत असा रिवाज, की पेपरातलं कात्रण कापून त्या कामाच्या फायलीत डकवायचं. ते डकवलं गेलं आणि आठ दिवसांत चतुराबाईंच्या तिन्ही अर्जांना मिळून एक उत्तर आलं: सदर काम पूर्ण होऊन लोकार्पणही झाले आहे, सबब अर्ज निकाली.

भूमिपूजन लिहायचं होतं, बाईंनी लोकार्पण लिहिलं होतं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. नवसाबाईंनी कागद दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. चतुरा म्हणं." आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. वळताना त्यांना दोन्ही हातांनी पाय उचलावा लागला, ते चतुराबाईंनी पाहिलं.

कचेरीतले कारकून गोटीराम दर गुरुवारी दत्ताला हार न्यायचे. चतुराबाईंनी तो कागद त्यांच्यासमोर धरला. गोटीराम निवृत्तीला आलेले, त्यामुळे खरं बोलायला मोकळे. त्यांनी हळूच समजावलं, की नव्या कामाला पाच सह्या आणि वर्षभर थांबणं. दुरुस्तीला एकच सही.

"बाई, झालेला फुटपाथ मोडलाय, असं लिहा की."

चतुराबाईंनी लिहिलं. झुंबरभाऊंच्या हस्ते खुल्या झालेल्या फुटपाथवर आज एक फरशी जागेवर नाही, माणसाला पाऊल ठेवता येत नाही, तरी त्वरित दुरुस्ती व्हावी. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आणि पुढच्या हाराच्या वेळी त्यांनी भाऊंच्या कानावरही घातलं, की तुमच्या हातचा फुटपाथ महिन्याच्या आत नाहीसा झाला, लोक नाय नाय ते बोलतात. भाऊंची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. फुटपाथ मुळात नव्हताच म्हणावं, तर कात्री त्यांच्याच हातात होती. एकवीस दिवसांत दुरुस्ती पार पडली. नसलेल्या वस्तूची इतकी उत्तम दुरुस्ती नाशकात कोणी पाहिली नव्हती.

नवसाबाई नवं लुगडं नेसून निघाल्या. फुटपाथच्या तोंडाशी आल्या आणि थांबल्या. फुटपाथ चांगला दीड फूट उंच होता. वॉकर वर ठेवला तर पाय खाली, पाय उचलावा तर खुबा ओरडतो. दोन्ही टोकांना तीच गत. वॉकर वळवून त्या परत फिरल्या. त्यांनी एखादी शिवी दिली असती, तर चतुराबाईंना बरं वाटलं असतं.

फुटपाथ झाल्याबद्दल दत्तमंदिराच्या टोकाशी भाऊंचा सत्कार ठरला. ठरवला चतुराबाईंनीच, आणि हारही आपल्यातर्फे म्हणून सांगितलं. झेंडू, निशिगंध आणि शेवंतीचा तो हार मांडीएवढा जाड होता आणि पार पावलांपर्यंत येत होता. दोघांनी उचलून भाऊंच्या गळ्यात घातला, तेव्हा भाऊंची हनुवटीच तेवढी वर राहिली. मग चतुराबाईंनी हात जोडून विनंती केली, की भाऊंनी आता फुटपाथवर चार पावलं चालून दाखवावीत.

भाऊंना आपले पाय दिसेनात. गुडघा उचलावा तर हार उचलू देईना. एकदा प्रयत्न झाला, दुसऱ्यांदा बूट कडेला आपटला. तिसऱ्यांदा भाऊ कलंडायला लागले, तेव्हा तीन कार्यकर्त्यांनी काखेत हात घालून त्यांना वर चढवलं. कॅमेरावाला आपलं काम करत होता.

खाली वॉकर धरून नवसाबाई उभ्या होत्या. एवढं बघायला मात्र त्या नातवाच्या आधाराने आल्या होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मला उचलाया पण ही तीन माणसं रोज सकाळी धाडशाल का?"

गर्दी हसली. भाऊही हसले, पण लगेच थांबले. वरून त्यांनी त्या वॉकरकडे पाहिलं, मग फुटपाथच्या कडेकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कार्यक्रमात खाली पाहिलं. दोन दिवसांत दोन्ही टोकांना उतार झाला. त्याचं उद्घाटन करायला कोणी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवसाबाई घरून निघाल्या. तीनशे पावलांना त्यांना पाऊण तास लागला. वाटेत दोनदा थांबल्या, नातवाने धरायला हात पुढे केला तर तो झटकला. चतुराबाई दुकानातून बघत होत्या. धावत पुढे जावं असं त्यांना फार वाटत होतं, पण गेलं तर बाई चिडतील म्हणून त्या जागच्या हलल्या नाहीत. मान खाली घालून ओवत राहिल्या, आणि सुई दोनदा बोटात गेली.

नवसाबाई आल्या. रिकाम्या गोणपाटाकडे बघितलं, त्यावरची पानं झटकली आणि हळूहळू टेकल्या. दम खाल्ला. मग शेजारचा तयार हार उचलून त्यांनी गाठ बोटांनी चाचपली.

"सैल हाय," त्या म्हणाल्या.

चतुराबाईंनी डोळे पुसले आणि सुई त्यांच्या हातात दिली.